वाहन कोठे ठेवाल?



वाचकहो, पंढरीला आपण सगळेच जाऊन आलो आहोत. देवळात सोळखांबी मंडपात शिरले की चांदीने मढवलेला गरुडखांब लागतो. आपण त्याला मिठी मारतो, कपाळ टेकवतो आणि मागच्या माणसाचा हात पाठीला लागला की पुढे सरकतो. पन्नास वर्षे कीर्तनात उभा राहून आता श्रोत्यांत जाऊन बसलेला मी एक म्हातारा तुम्हाला विचारतो, हा गरुड कोण? तुम्ही म्हणाल, महाराज, हे काय विचारणे झाले, गरुड म्हणजे देवाचे वाहन. बरोबर. मग देवाच्या या वाहनाला जागा कोठे मिळाली? विष्णूच्या कोणत्याही देवळात जाऊन पाहा. गरुड देवासमोर असतो, हात जोडून असतो आणि कोणाची वाट अडवत नाही. आणि ज्याचे हे वाहन, त्या देवाने पंढरीत स्वतःसाठी जागा किती घेतली? एका विटेएवढी.

हा दृष्टांत मी कीर्तनात कधी मांडला नव्हता. तो सुचला गेल्या वर्षी, आणि तोही मोटारींच्या शर्यतीवरून. हसू नका. सांगतो.

माझ्या पुतण्याचा मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असतो. आम्स्टरडॅमला लागून आम्स्टेलफेन नावाचे गाव आहे, तेथे आपली भारतीय मंडळी पुष्कळ. तो मला आजोबाच म्हणतो. २०२५ सालच्या ३१ ऑगस्टला, रविवारी रात्री त्याचा फोन आला. आमच्याकडे त्या दिवशी गौरी आल्या होत्या. सुना मुखवट्यांना दागिने घालत होत्या आणि खाली रस्त्यावर लालबागच्या गणपतींच्या गर्दीचा समुद्र उसळला होता.

"आजोबा, आज मी मोटारींची शर्यत पाहून आलो."

"कशाने गेलास?"

"सायकलने."

मला वाटले, पोर थट्टा करते आहे. मी म्हटले, "अरे, मोटारी बघायला जायचे आणि सायकलने?"

तो म्हणाला, "मोटारीने निघालो असतो तर गावाच्या वेशीवरूनच परत पाठवले असते."

मग त्याने सगळे नीट सांगितले. समुद्राकाठी झांडफोर्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती सतरा हजारांच्या आसपास. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळूच्या टेकड्या, आणि गावात यायला रस्ते मोजके. १९४८ साली तेथे शर्यतीची वाट बांधली गेली. जगातली सर्वांत मोठी जी फॉर्म्युला वनची शर्यत, ती तेथे पूर्वी होत असे. १९८५ नंतर ती थांबली आणि छत्तीस वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा सुरू झाली. आता पाहा, रोज लाखभर माणूस येणार आणि गाव एवढेसे. तेथल्या मंडळींनी ठरवले की प्रेक्षकांच्या मोटारी गावात येऊ द्यायच्याच नाहीत. गावकऱ्यांना परवाने दिले. बाकीच्यांनी आगगाडीने या, बसने या, सायकलने या, नाहीतर चालत या. शर्यतीच्या दिवसांत आगगाडी दर पाच मिनिटांना सुटते. आणि सायकली ठेवायला मैदानेच्या मैदाने आखून दिलेली असतात.

पोरगा सकाळी निघाला, हार्लेमच्या बाजूने टेकड्यांमधल्या सायकलवाटेने गेला. म्हणाला, पुढेमागे नारिंगी सदरे घातलेले हजारो लोक, कोणी गातो आहे, कोणी घंटी वाजवतो आहे, एखाद्या बापाने पोराला पुढे बसवले आहे. "आजोबा, तुमची दिंडीच म्हणा ना," असे तो म्हणाला. मी म्हटले, दिंडी नव्हे बाळा, दिंडीत टाळ लागतो, पण सांग पुढे. शर्यत कोणी जिंकली तेही त्याने सांगितले, ते माझ्या लक्षात राहिले नाही. लक्षात राहिले ते एवढेच की धावणाऱ्या मोटारी वीस, पाहणारे लाखभर, आणि त्या लाखांतल्या कोणाची मोटार गावात नव्हती.

फोन ठेवला आणि मी गॅलरीत आलो. खाली काय चालले होते ते लालबाग-परळकरांना सांगायला नको. गणेशगल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, बाजारातला लालबागचा राजा १९३४ पासूनचा, चिंचपोकळीचा चिंतामणी त्याही आधीचा, १९२० चा. तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि त्या रांगा कोठून कोठे वळतात हे आम्हा जुन्या रहिवाशांनाही दरवर्षी नव्याने शिकावे लागते. या दहा दिवसांत इकडचे रस्ते वाहनांना बंद असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी लोक मोटार घेऊन निघतात. मग पुलावरून उतरून फेऱ्या सुरू होतात. या गल्लीत घुसू का, त्या गल्लीत जागा दिसते का, त्या वाचमनला दोन पैसे देऊ का. शेवटी लावतात ती परळच्या रुग्णालयांच्या मागच्या गल्ल्यांत.

येथे जरा थांबतो. परळला केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे. कोल्हापूर-जळगावपासून ते पार बिहार-बंगालपर्यंतची माणसे येथे आपला आजारी माणूस घेऊन येतात आणि पदपथावर चादर अंथरून दिवस काढतात. त्या चादरीला लागून एखादी चकचकीत मोटार उभी राहते. मोटारवाला 'देवदर्शनाला आलो आहे' असे सांगतो, आणि ते खोटे नसते. पण केमोथेरपी घेऊन आलेल्या बाईला रिकाम्या पदपथावरून जे वीस पावलांत जाता आले असते, तेथे तिला मोटारीला वळसा घालून भर रस्त्यातून जावे लागते. हे मी गॅलरीतून नव्हे, खाली उतरून पाहिले आहे. एकदा नव्हे, अनेकदा. अशा वेळी मला कीर्तनात उत्तररंगाला जो आवाज चढायचा, तसा आतल्या आत चढतो.

आता हिशेब ऐका. आम्हा गिरणगावातल्या माणसांना जागेचा हिशेब उपजत असतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात सात-आठ माणसे, वर पोटमाळ्यावर दोन, आणि गावाहून पाहुणा आला तर गॅलरीत एक. त्याच खोलीत लग्ने ठरली, बाळंतपणे झाली, एकादशीला भजन झाले. आणि एक मोटार उभी करायला लांबी पाच मीटर, रुंदी अडीच मीटर धरली तरी साधारण १३५ चौरस फूट लागतात. म्हणजे माणसांच्या एका बिऱ्हाडाला जेवढी जागा सरकारने पुरेशी मानली, जवळजवळ तेवढीच एका मोटारीला नुसते उभे राहायला हवी. तेवढ्याच जागेत सायकली दहा राहतात. देवाची वीट मी मोजलेली नाही, पण ती या हिशेबात कोठे बसेल ते तुम्हीच पाहा. गणपतीने उंदीर का निवडला याचे शास्त्रार्थ मी पुष्कळ ऐकले आहेत. लालबागच्या गर्दीत उभे राहिले की एक अर्थ आपोआप कळतो.

माझ्या सायकलविषयीही सांगायला हवे, नाहीतर तुम्हाला वाटेल की महाराज दुसऱ्याच्या पोराच्या सायकलीवर बसून उपदेश करताहेत.

आळंदीला जोगमहाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढून मी मुंबईला परतलो तेव्हा गिरण्या जोरात होत्या. प्रत्येक चाळीत भजनी मंडळ, प्रत्येक मंडळात पाच-दहा टाळकरी, एक तरी पखवाजी. पहिली पाळी सुटली की कीर्तन, दुसरी पाळी सुटली की जागर. आज डिलाइल रोड, उद्या नायगाव, परवा गिरगावातली एखादी वाडी. गिरगावचा श्रोता नारदीय कीर्तनावर पोसलेला, त्याला आख्यान हवे, साकी-दिंडी हवी. आमच्या वारकरी कीर्तनाला तो आधी भिंतीला टेकून बसायचा आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर पुढे सरकायचा. हे सगळे मी बसने आणि पायी करत होतो. ट्रामचे दिवस तर लहानपणीच, १९६४ सालच्या मार्चअखेरीस संपले होते. परळ टीटी, दादर टीटी या नावांतला 'टी' तेवढा मागे राहिला.

१९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले काही महिने कीर्तने वाढली, कारण माणसे रिकामी होती. पुढे पखवाज गप्प होत गेले. माझ्या मागे चौदा वर्षे पखवाज वाजवणारा एक गिरणी कामगार पाटण तालुक्यातल्या आपल्या गावी परत निघाला. जाताना पखवाज त्याने गावच्या देवळासाठी नेला. सायकल नेली नाही. म्हणाला, "महाराज, घाटात ही काय कामाची? ही तुमच्याकडे राहू द्या. माझी बिदागी समजा." बिदागी कीर्तनकाराला द्यायची असते, कीर्तनकाराने पखवाजीची घ्यायची नसते. हे मी त्याला सांगितले. तो ऐकेना. ती काळी हर्क्युलिस त्या दिवसापासून माझ्याकडे आहे. सीट तीनदा बदलली, टायर किती बदलले त्याची मोजदाद नाही, घंटी मात्र जुनीच आहे. हँडलला पिशवी, पिशवीत उपरणे, चिपळ्या आणि गाथा, अशी मी तीस वर्षे कीर्तने केली. मावळ-खेड-जुन्नरकडचे आपले डबेवाले, गळ्यात माळ असलेले, तेही सायकलवरच. दादरला सिग्नलशी भेट झाली की "रामकृष्णहरी" म्हणायचे, तेवढ्यात त्यांची लोकलची वेळ व्हायची.

आता आषाढीकडे येतो, कारण खरी गोष्ट तेथे आहे.

गुडघ्यांनी पंढरीची पायी वारी बंद केली त्याला दहा वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले, लांब चालू नका, सायकल चालवा हवी तर, गुडघ्यावर भार कमी येतो. तेव्हापासून माझी आषाढी वडाळ्याला. मिठागरांच्या काळात तेथे विठोबाची मूर्ती सापडली, तुकोबांच्या सांगण्यावरून तिची स्थापना झाली, असे परंपरा सांगते. मुंबईकर त्या स्थानाला प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्यांना पंढरीला जाता येत नाही, ते सगळे आषाढीला कात्रक रोडला लोटतात. उपनगरांतून दिंड्या येतात, शाळांतली पोरे विठ्ठल-रखुमाई होऊन येतात. देवळाभोवतालचे रस्ते वाहनांना बंद होतात.

२०२३ ची आषाढी गुरुवारी, २९ जूनला होती. त्याच दिवशी बकरी ईद, म्हणून सुटी. माझ्या मुलाने आदल्या रात्री सांगितले, "बाबा, पाऊस आहे, वय झाले आहे, उद्या सायकल नाही. मी गाडीने नेतो." त्याच्या बोलण्यात माया होती. त्याची आई आदल्या वर्षी गेली होती. ती असताना तो दरवर्षी तिला वडाळ्याला न्यायचा, आता मला न्यायचे त्याच्या मनात होते. आम्ही सहाला निघालो. खोदादाद सर्कलपर्यंत ठीक होते. पुढे पारशी कॉलनीत गाडी मुंगीच्या पावलाने चालली. पाच उद्यानांपाशी हवालदाराने हात केला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही उतरा, रांगेत लागा, मी गाडी लावून आलोच."

मी रांगेत लागलो. पावणेदोन तासांनी विठोबासमोर पोहोचलो. बाहेर आलो, तुळशीची माळ घेतली, बुक्का लावला आणि एका ओट्यावर बसून वाट पाहू लागलो. मुलगा आला तो दहा वाजून गेल्यावर. सदरा घामाने आणि पावसाने भिजलेला. गाडी माटुंग्याच्या पलीकडे कोठेतरी लावली होती, ती उचलून नेतील की काय या धास्तीने त्याचे डोळे सारखे घड्याळाकडे. मी म्हटले, "जा, दर्शन घेऊन ये." त्याने रांगेकडे पाहिले. ती पाहून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी." आणि कळसाला हात जोडले.

आता शास्त्र विचाराल तर कळसाचे दर्शन हेही दर्शनच. पंढरीला लाखो वारकरी कळस पाहून माघारी फिरतात आणि त्यांची वारी पुरी होते. पण तो वारकरी अडीचशे किलोमीटर चालून आलेला असतो. त्याचे मन त्याच्याबरोबर कळसापाशी असते. माझ्या मुलाचे हात कळसाकडे होते आणि मन माटुंग्याच्या पलीकडे, मोटारीपाशी. आईच्या आठवणीने आलेला माणूस तिच्या देवाला न भेटता गेला. मोटारीत शेजारी बसलो तेव्हा तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. त्याच्या मायेला नाव ठेवायला माझ्याजवळ शब्द नव्हते, आणि ठेवायचे नव्हतेच.

पुढच्या वर्षी मी माझ्या सायकलने गेलो, एकटा. त्याला कचेरी होती. आणि २०२५ ची आषाढी ६ जुलैला, रविवारी आली तेव्हा आदल्या रात्री तोच म्हणाला, "बाबा, शेजारच्यांची सायकल मागून घेतली आहे."

पहाटे चारला निघालो. त्या वेळी आंबेडकर रस्ता असा असतो की पुलाच्या खालून जाताना आपल्याच चाकाचा आवाज ऐकू यावा. भारतमाता सिनेमा, परळ टीटी, हिंदमाता. हिंदमाताला पाणी भरलेले नव्हते, ही विठोबाची कृपा. मुलगा पुढे, मी मागे. तो पंचविसेक वर्षांनी सायकलवर बसला होता. पहिल्या सिग्नलपर्यंत वाकडातिकडा चालला, मग सरळ झाला. दादरला फुलबाजाराकडे निघालेले तुळशीचे भारे दिसले. पारशी कॉलनीत झाडांवरून पाणी ठिबकत होते. देवळाच्या अलीकडे पाव किलोमीटरवर आम्ही उतरलो. एका इमारतीच्या कुंपणाला दोन्ही सायकली मिळून एकच साखळी घातली, कुलूप लावले. तेथल्या राखणदाराला विचारून लावल्या, फाटक मोकळे ठेवून. साडेपाचला आम्ही दोघेही गाभाऱ्यासमोर होतो. मुलाने आईचे नाव घेतले. मी दुसरीकडे पाहिले.

तुम्हांपैकी कोणी परंपरानिष्ठ वाचक आता म्हणतील, महाराज, वारी म्हणजे पायी. सायकल हे वाहनच. मग मोटार काय आणि सायकल काय? हा आक्षेप मी टाळणार नाही. वारी पायीच. ज्याचे पाय धड आहेत त्याने लालबागहून वडाळ्याला चालतच जावे, चार-पाच किलोमीटरचे ते काय मोठे? मी सायकलला वारी म्हणत नाही. पण पालखी सोहळ्याची शिस्त आठवा. दिंड्यांचे तंबू, भांडी, शिधा हे सगळे ट्रकमधूनच जाते की नाही? मग ट्रक चालतो आणि सायकल चालत नाही, असे काही आहे का? ट्रक चालतो, कारण तो पुढे मुक्कामाला जाऊन थांबतो, टाळकऱ्यांच्या रांगेत घुसत नाही. हैबतबाबांनी जो सोहळा बांधून दिला, रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे बाकीच्या, प्रत्येकीची जागा ठरलेली, त्यात वाहनाला मनाई नाही. वाहनाने माणसांच्या अंगावर येण्याला मनाई आहे. माझा मुद्दा एवढाच आहे. अलीकडे पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या मागोमाग घरच्या मोटारी चालवत नेण्याची जी प्रथा पडू पाहते आहे, तिच्याविषयी चालकांनी, फडकऱ्यांनी एकदा बसून बोलावे असे मला फार वाटते.

आणि सायकलीचेही लाड करू नयेत. गर्दीत सायकल रेटणारे मी पाहिले आहेत. पॅडल पोटरीला लागते, हँडल एखाद्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर येते. २०१७ च्या २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ माणसे चेंगरून गेली. बाहेर पाऊस होता, माणसे पुलावर थांबली होती, एवढेच निमित्त. त्या दिवसापासून आम्ही परळकर गर्दीला हलके समजत नाही. म्हणून माझा नेम असा, की माणसे खांद्याला खांदा लावून चालताना दिसली की उतरायचे, बाजूला लावायची, पुढे पायी. सायकल दर्शनाच्या रांगेत न्यायची नाही, दिंडीच्या मध्ये न्यायची नाही, देवळाच्या भिंतीला टेकवायची नाही. आणि साखळी मजबूत ठेवायची. विठोबा सायकलीवर लक्ष ठेवील, पण त्याला त्या दिवशी कामे पुष्कळ असतात.

त्या परदेशातल्या पोराला मी गौरीविसर्जनाच्या दिवशी परत फोन केला आणि विचारले, तुमच्या त्या गावात म्हातारी माणसे, अपंग माणसे कशी येतात? कारण हा प्रश्न माझ्या मनात सलत होता. सगळ्यांनाच सायकल जमत नाही. तो म्हणाला, "आजोबा, आगगाडी आहे ना. इतरांच्या मोटारी रस्त्यात नसल्या की ज्याला खरेच गाडीशिवाय जमत नाही, त्याला सोडायला वाट उरते." हे त्याने अगदी सहज सांगितले. मला केईएमच्या मागची गल्ली दिसली. तो म्हणाला, २०२६ ची शर्यत तेथली शेवटची, पुढे ती तेथे होणार नाही, असे आयोजकांनी जाहीर केले आहे. मी म्हटले, मग सायकलींच्या त्या मैदानांचे काय? त्याला हसू आले. म्हणाला, सायकली काय, तेथे रोजच्याच आहेत.

यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, त्यामुळे आषाढी लांबली, २५ जुलैला शनिवारी आहे. पाऊस भरात असेल. मुलाने शेजाऱ्यांची मागण्यापेक्षा एक जुनी सायकल स्वतःच घेतली, मागे कॅरिअर लावून घेतले. त्याच्या मुलीला, माझ्या नातीला, त्यावर बसून यायचे आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि रखुमाई होणार आहे. नऊवारी नेसून कॅरिअरवर कसे बसायचे, हा प्रश्न घरात सध्या चालू आहे. सून म्हणते, वडाळ्याला पोहोचल्यावर नेसवू. नात म्हणते, घरूनच. माझे मत कोणी विचारलेले नाही. मी आपली मडगार्डे पुसून ठेवतो आहे. तुम्ही त्या दिवशी पहाटे परळ-दादरकडून निघणार असाल तर साडेचारच्या सुमारास हिंदमाताशी घंटी वाजवा. आम्ही तिघे पुलाखालून जात असू.